सीमाभागातून कॉलेजात: कोणती परीक्षा काय मोजते

कॉलेजात येणाऱ्या मुलाची परीक्षा दोन कारणांनी घेता येते. एक, त्याला घ्यायचं की नाही हे ठरवायला. दुसरं, घेतल्यावर त्याला कुठून शिकवायला सुरुवात करायची हे ठरवायला. बेळगाव, खानापूर, निपाणी, चिकोडी या आपल्या पट्ट्यात पहिल्या जातीच्या परीक्षांचा सुकाळ आहे. कर्नाटकाची केसीईटी आहे, मेडिकलची नीट आहे, इंजिनिअरिंगची जेईई आहे, कर्नाटकातल्या खासगी इंजिनिअरिंग कॉलेजांची कॉमेडके आहे, आणि कोल्हापूर-पुण्याकडे डोळे असतील तर महाराष्ट्राची एमएचटी-सीईटीही आहे. दुसऱ्या जातीची परीक्षा मात्र जवळजवळ कोणी घेत नाही. माझं मत विचाराल तर मराठी माध्यमातून दहावी झालेल्या मुलाचं खरं नुकसान इथे होतं, सीईटीच्या हॉलमध्ये नाही.

ही दुसरी परीक्षा म्हणजे अमेरिकेतली प्लेसमेंट टेस्ट. आपल्याकडे प्लेसमेंट म्हटलं की कॅम्पसवर येणाऱ्या कंपन्या आठवतात. त्याच्याशी हिचा काही संबंध नाही. तिकडच्या दोन वर्षांच्या कम्युनिटी कॉलेजात साधारणपणे शाळा पूर्ण केलेल्या कोणालाही प्रवेश मिळतो. मग गणितात याला कुठल्या वर्गात बसवायचं, इंग्रजीच्या लेखनात कुठल्या, हे बघायला एक चाचणी घेतात. त्यातली बरीच वापरली गेलेली चाचणी म्हणजे कॉलेज बोर्डाची ॲक्युप्लेसर. ती संगणकावर होते, वाचन, लेखन आणि गणित असे तिचे भाग असतात, आणि आधीच्या उत्तरावरून पुढचा प्रश्न सोपा की अवघड ते ठरतं. बहुतेक भागांना वेळेचं बंधन नाही. गुण 200 ते 300 च्या पट्टीवर येतात, आणि पास-नापास असा शिक्का कुठेच बसत नाही. अंक कमी आला तर प्रवेश जात नाही, फक्त वर्ग बदलतो.

ऐकायला हे फार छान वाटतं. पण त्यातही एक काटा होताच. कमी गुण पडलेल्यांना जे पूर्वतयारीचे वर्ग करावे लागत, त्यांची फी भरावी लागे आणि पदवीसाठी त्यांचे श्रेयांक, म्हणजे क्रेडिट, मात्र मोजले जात नसत. पोरं त्या वर्गांतच अडकून पडू लागली आणि अनेकांनी मूळ अभ्यासक्रमापर्यंत न पोचताच कॉलेज सोडलं. शिवाय एका दुपारच्या चाचणीवरून मुलाला चुकीच्या वर्गात टाकलं जातं, ही तक्रारही होतीच. म्हणून कॅलिफोर्नियाने 2017 मध्ये एबी 705 नावाचा कायदा केला आणि कम्युनिटी कॉलेजांना सांगितलं, की मुलाचे शाळेतले गुण आणि घेतलेले विषय आधी बघा. टेनेसीसारख्या राज्यांनी दुसरी वाट धरली: मुलाला थेट मूळ वर्गातच बसवायचं, आणि त्याच सत्रात शेजारी मदतीचा जादा तास ठेवायचा. हे लक्षात ठेवा, कारण आपल्याला उपयोगी पडणारी कल्पना हीच आहे. मुलाला मागे ठेवायचं नाही, सोबत आधार द्यायचा.

आता आपल्याकडे बघू.

कर्नाटकात मराठी माध्यमाची वाट दहावीला संपते. एसएसएलसी, म्हणजे इथली दहावीची बोर्ड परीक्षा, 625 गुणांची, त्यात प्रथम भाषा मराठी 125 गुणांची. गणित, विज्ञान, समाजविज्ञान सगळं मराठीतून. पुस्तकं कर्नाटक पाठ्यपुस्तक सोसायटीची, पण मराठीत छापलेली. पुढे पीयूसीला, म्हणजे अकरावी-बारावीला, माध्यम एक तर कन्नड, नाही तर इंग्रजी. सायन्स घेतलं तर व्यवहारात इंग्रजीच. मराठी उरते ती फक्त भाषा विषय म्हणून, तीही कॉलेजात मराठीचे प्राध्यापक असतील तर.

म्हणजे मार्चमध्ये मराठीत प्रमेय सिद्ध करणारी येळ्ळूरची किंवा कडोलीची पोरगी जूनमध्ये एनसीईआरटीचं इंग्रजी फिजिक्स उघडते. कर्नाटकात पीयूसी सायन्सला एनसीईआरटीचीच पुस्तकं आहेत, आणि ती शहरातल्या सीबीएसईच्या मुलांसाठीही अवघड मानली जातात. तिच्या बाकावर शेजारी इंग्रजी माध्यमातून आलेला मुलगा असतो. दोघांना गणित तेवढंच येतं, कदाचित तिला थोडं जास्तच. पण पहिल्या युनिट टेस्टला तिचे गुण कमी येतात, आणि घरी, शेजारी, कधी कधी स्टाफरूममध्येही निष्कर्ष निघतो की सायन्स तिला झेपत नाही. गणित येत नाही की प्रश्न कळला नाही, हे वेगळं करून कोणी बघितलेलंच नसतं. प्लेसमेंट टेस्ट करते ते नेमकं हेच काम.

काही पीयू कॉलेजं सुरुवातीचे काही दिवस ब्रिज कोर्स घेतात, ते चांगलंच आहे. काही खासगी कॉलेजं आणि क्लासेस पहिल्याच आठवड्यात एक चाचणी घेऊन मुलांच्या बॅचेस पाडतात. तांत्रिकदृष्ट्या ही प्लेसमेंट टेस्टच म्हणायची. पण तिचा निकाल म्हणजे फक्त बॅचचं नाव. मूल कुठे कच्चं आहे हे पालकाला सांगितलं जात नाही, आणि खालच्या बॅचला जादा तास मिळतात असंही नाही. उलट चांगले शिक्षक वरच्या बॅचला जातात. अशा ठिकाणी प्रवेश घेताना एकच प्रश्न विचारा: चाचणीनंतर मुलाचा तपासलेला पेपर बघायला मिळेल का? उत्तर काय येतं आणि कोणत्या चेहऱ्याने येतं, त्यावरून बरंच कळतं.

घरीच घेता येते ती चाचणी

एसएसएलसीची पहिली परीक्षा मार्चअखेरीला सुरू होऊन एप्रिलच्या सुरुवातीला संपते, आणि पीयूसीचे वर्ग जूनमध्ये भरतात. मधले जवळजवळ दोन महिने मोकळे असतात. या काळात घरीच प्लेसमेंट टेस्ट घेता येते, आणि तिला एक पैसा लागत नाही.

एसएसएलसीचा गणिताचा पेपर सगळ्या माध्यमांना सारखाच असतो, फक्त भाषा बदलते. मागच्या एखाद्या वर्षाचा इंग्रजी माध्यमाचा पेपर घ्या, म्हणजे मुलाने न सोडवलेला. लेखी पेपर 80 गुणांचा असतो. शब्दकोश न देता, मोबाइल बाजूला ठेवून, तीन तास बसवा. मग तपासताना गुण मोजू नका, चुका मोजा, आणि प्रत्येक चुकीपुढे तीनपैकी एक खूण करा. प्रश्नच समजला नाही. प्रश्न समजला पण रीत आली नाही. रीत आली पण आकडेमोडीत घसरलं. पहिली खूण ओळखायची सोपी पद्धत आहे. तोच प्रश्न तोंडी मराठीत सांगा. मुलाने पटकन सोडवला, तर अडचण भाषेची होती.

पहिल्या खुणा जास्त असतील तर घाबरायचं कारण नाही. हे सगळ्यात लवकर भरून येणारं अंतर आहे. नववी-दहावीच्या गणित आणि विज्ञानाच्या पुस्तकाची इंग्रजी आवृत्ती मिळवा (ती सोसायटीच्या संकेतस्थळावर फुकट मिळते) आणि मराठी पुस्तकाशेजारी उघडून रोज एक धडा वाचायचा. धडा माहितीचा आहे, त्यामुळे नवीन काही शिकायचं नाही, फक्त नावं जोडायची. वर्गसमीकरण म्हणजे क्वाड्रॅटिक इक्वेशन, त्वरण म्हणजे ॲक्सिलरेशन, संयुजा म्हणजे व्हॅलन्सी. एका वहीत दोन रकाने करून मुलाने स्वतःच्या हाताने लिहायचं. छापील यादी आणून दिली तर ती भिंतीवर राहते, डोक्यात जात नाही.

दुसऱ्या खुणा जास्त असतील तर मात्र थांबून विचार करायला हवा. बीजगणितातले अवयव, अपूर्णांक, घातांक, त्रिकोणमितीची सुरुवात यांत भगदाड असेल, तर अकरावीचं कॅल्क्युलस आणि फिजिक्स दोन्ही त्यातून गळत राहतात. इथे मे महिन्यात सीईटीचा क्रॅश कोर्स लावणं म्हणजे पाया ओला असताना वरचा मजला चढवणं. आठवी-नववीचं बीजगणित पुन्हा काढा. मुलाला ते कमीपणाचं वाटेल, वाटू दे. तिसऱ्या खुणांसाठी वेगळं काही करावं लागत नाही, रोजचा सराव पुरतो.

शेवटी वाचनाची एक छोटी परीक्षा. अकरावीच्या एनसीईआरटी फिजिक्समधलं सुरुवातीचं एकक आणि मापनाचं प्रकरण उघडा. एक पान मुलाला शांतपणे वाचू द्या, मग पुस्तक मिटून त्यात काय होतं ते मराठीत सांगायला सांगा. सांगता आलं तर पोरगं तयार आहे, उच्चार कसेही असोत. इंग्रजी फाडफाड बोलता येणं आणि इंग्रजी पुस्तक वाचून समजणं यांत आपल्याकडे फार गल्लत होते. सायन्सला दुसरं लागतं, आणि मराठी शाळेतली पोरं त्यात वाटतात तेवढी मागे नसतात.

विद्यापीठ पातळीवर मात्र असा विचार अधूनमधून झालेला दिसतो. आयआयटींमध्ये राखीव जागांवर काही विद्यार्थ्यांना एक वर्षाचा पूर्वतयारी अभ्यासक्रम देऊन मग मूळ वर्गात घेतात. आपल्या मच्छेजवळच्या ज्ञानसंगममध्ये मुख्यालय असलेल्या व्हीटीयूने, म्हणजे इंजिनिअरिंगच्या विश्वेश्वरय्या विद्यापीठाने, डिप्लोमा करून थेट दुसऱ्या वर्षाला येणाऱ्यांसाठी ॲडिशनल मॅथेमॅटिक्स ठेवलेलं आहे: श्रेयांक नाहीत, पण पास व्हावंच लागतं. इंजिनिअरिंगच्या पहिल्या वर्षात कन्नडचाही एक छोटा विषय असतो. कन्नड येणाऱ्यांना सांस्कृतिक कन्नड, न येणाऱ्यांना बळके कन्नड, म्हणजे बोलीव्यवहारापुरतं. मराठी पोरांनी या विषयाची धास्ती घेऊ नये. शाळेत कन्नड झालेलंच असतं आणि बाजारात रोज कानावर पडतं.

दारातल्या परीक्षा

केसीईटी कर्नाटक परीक्षा प्राधिकरण घेतं, म्हणजे ज्याला सगळे केईए म्हणतात. फिजिक्स, केमिस्ट्री, मॅथ्स, बायॉलॉजी असे वेगवेगळे पेपर, प्रत्येकी 60 प्रश्न, 60 गुण आणि 80 मिनिटं. चुकीला गुण कापत नाहीत, म्हणून एकही गोल कोरा ठेवू नये. मराठीतून पेपर नसतो. इंजिनिअरिंगच्या रँकमध्ये निम्मा वाटा सीईटीचा आणि निम्मा पीयूसी दुसऱ्या वर्षाच्या गणित, फिजिक्स आणि केमिस्ट्रीच्या गुणांचा. बोर्डाचा पेपर नीटनेटका लिहिणाऱ्या, पण घड्याळ लावलं की गडबडणाऱ्या मुलाला हे सोयीचं आहे.

एमएचटी-सीईटी नेमकी उलट आहे. तिथे बारावीचे गुण किमान पात्रतेपुरते, रँक पूर्ण सीईटीच्या पर्सेंटाइलवर. पीसीएम गटाला 200 गुण असतात. गणिताचे 50 प्रश्न दोन-दोन गुणांचे, फिजिक्स-केमिस्ट्रीचे एक-एक गुणाचे. अभ्यासक्रम महाराष्ट्र बोर्डाचा, त्यात अकरावीचा वाटा साधारण 20 टक्के. फिजिक्स-केमिस्ट्रीचा पेपर मराठीतूनही घेता येतो, गणित मात्र इंग्रजीतच. पीयूसी करणाऱ्या मुलाने ही परीक्षा द्यायची तर बालभारतीची अकरावी-बारावीची पुस्तकं एकदा तरी उलगडावी लागतात. बहुतेक भाग एनसीईआरटीसारखाच आहे, पण प्रश्नांचा बाज निराळा.

नीट आणि जेईई मेनबद्दल एक गोष्ट इथल्या पालकांनी फॉर्म भरण्याआधीच समजून घ्यावी. दोन्ही परीक्षा 13 भाषांत होतात, त्यात मराठी आहे. पण प्रादेशिक भाषेतली प्रश्नपत्रिका त्या भाषेच्या राज्यातल्या केंद्रांवरच ठेवतात. म्हणजे बेळगावच्या केंद्रावर कन्नड मिळेल, मराठी हवी तर कोल्हापूरसारखं महाराष्ट्रातलं केंद्र निवडावं लागेल. निपाणीकरांना कोल्हापूर जवळच, खानापूरकरांना लांब. एकदा भरलेली भाषा मनाला येईल तेव्हा बदलता येत नाही, त्यामुळे त्या वर्षीची माहितीपुस्तिका वाचूनच रकाना भरा. माझा कल असा: दोन वर्षं इंग्रजीतून पीयूसी केलेल्या मुलाने शेवटच्या दिवशी मराठी पेपर मागू नये. सराव ज्या भाषेत झाला तीच परीक्षेत बरी. नीटला 180 मिनिटांत 180 प्रश्न असतात आणि चुकीला एक गुण जातो. तिथे शब्द ओळखण्यात वेळ घालवणं परवडत नाही.

बी.ए., बी.कॉम., साध्या बी.एस्सी.ला राणी चन्नम्मा विद्यापीठाच्या कॉलेजांत प्रवेश परीक्षा नाही, पीयूसीच्या गुणांवर काम होतं. केंद्रीय विद्यापीठात जायचं तर सीयूईटी, आणि तीही मराठीतून देता येते.

शेतकऱ्यांच्या पोरांसाठी एक वेगळी परीक्षा आहे, ती मला मनापासून आवडते. केसीईटीतून बी.एस्सी. ॲग्रिकल्चरला शेतकरी कोट्यात जागा हव्या असतील तर प्रात्यक्षिक परीक्षा द्यावी लागते. शेताशी संबंधित वस्तू समोर ठेवतात, बियाणं, अवजारं असं काही, आणि त्यावर प्रश्न विचारतात. शेतात वाढलेल्या पोराला क्लास न लावता जमणारी ही एकच परीक्षा असावी. तरी जागेवर जाऊन बावचळतात काही जण, कारण घरी ज्या वस्तूला जे नाव आहे त्याचं इंग्रजी किंवा कन्नड नाव माहीत नसतं.

कागद

तयारी म्हणजे नुसता अभ्यास नव्हे. इथे कागद चुकला तर चांगली रँकही वाया जाते.

केसीईटीतून सरकारी कोट्यातल्या जागेसाठीची सर्वसाधारण अट अशी: पहिली ते बारावी या काळात किमान 7 वर्षं कर्नाटकात शिकलेलं असावं, आणि दहावी किंवा बारावीपैकी एक तरी परीक्षा कर्नाटकातून पास झालेली असावी. याचा अर्थ, दहावीपर्यंत बेळगावात शिकून अकरावी-बारावीला कोल्हापूरला गेलेलं मूलही केसीईटीला पात्र राहतं. अनेक पालकांना वाटतं की हद्द ओलांडली की कर्नाटकाची वाट बंद झाली. तसं नाही.

ग्रामीण कोटा 15 टक्के आहे, पण त्यासाठी पहिली ते दहावी अशी पूर्ण दहा वर्षं ग्रामीण भागातल्या शाळेत झालेली लागतात. सातवीपर्यंत गावात आणि आठवीपासून बेळगाव शहरातल्या हायस्कूलला, ही आपल्याकडची नेहमीची वाट. तिच्यात हा कोटा जातो. शहरात घालायचं की नाही ते तुम्ही ठरवा, पण हे माहीत असून ठरवा. कन्नड माध्यमाचा 5 टक्के कोटा मराठी माध्यमवाल्यांना लागू नाही. राज्यघटनेच्या कलम 371 जेच्या सवलती बिदर, कलबुर्गीकडच्या जिल्ह्यांना आहेत, बेळगाव जिल्हा त्यात येत नाही. भालकी-औरादच्या पाहुण्यांचं ऐकून इथे तो रकाना भरू नका.

महाराष्ट्राकडून मिळणारी सोय वेगळी. इंजिनिअरिंगच्या प्रवेशात वादग्रस्त सीमाभागातल्या मराठी भाषक उमेदवारांना टाइप ई म्हणून महाराष्ट्राच्या उमेदवारांत धरतात. मेडिकललाही सीमाभागासाठी मोजक्या जागा राखून ठेवतात. त्यासाठी मान्यताप्राप्त संस्थेतून सीमाभागात शिक्षण झालेलं हवं, आपलं गाव महाराष्ट्राने दावा केलेल्या 865 गावांच्या यादीत हवं, आणि दोन दाखले ठराविक नमुन्यात हवेत: एक सीमाभागातला असल्याचा, दुसरा मातृभाषा मराठी असल्याचा. नमुना त्या वर्षीच्या माहितीपुस्तिकेच्या मागे छापलेला असतो. तोच घ्यावा, मागच्या वर्षीची झेरॉक्स नको. शाळा सोडल्याच्या दाखल्यावर मातृभाषेच्या रकान्यात काय लिहिलं आहे ते आजच बघून ठेवा.

जात आणि उत्पन्नाचे दाखले नाडकचेरीत, म्हणजे महसूल खात्याच्या स्थानिक कचेरीत, मिळतात. केईएच्या फॉर्मला त्यावरचा आरडी नंबर लागतो आणि तो ऑनलाइन तपासला जातो, म्हणून दाखल्यावरचं नाव आणि एसएसएलसीच्या गुणपत्रिकेवरचं नाव अक्षरशः एकच असावं. मराठी घरांत इथे एक हमखास घोळ होतो: शाळेत आडनाव शेवटी, आधारवर आधी, आणि दाखल्यावर वडिलांचं नाव गायब. ग्रामीण कोट्यासाठीच्या शाळेच्या दाखल्यावर बीईओची, म्हणजे गटशिक्षणाधिकाऱ्याची, प्रतिस्वाक्षरी लागते. प्राथमिक शाळा एका तालुक्यात आणि हायस्कूल दुसऱ्या तालुक्यात असेल तर दोन बीईओ ऑफिसांच्या चकरा होतात. पीयूसीच्या दुसऱ्या वर्षाची दिवाळीची सुट्टी या कामाला बरी. पुढे परीक्षेच्या धामधुमीत सही करणारे साहेबही ड्युटीवर असतात.